न्यूयॉर्क कॉसमॉस : इतिहास, विक्रम आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेले अमेरिकेत ज्या क्लबकडून खेळला तो क्लब, एवढीच कॉसमॉसची ओळख आपल्याकडे आहे. ती खोटी नाही, पण अर्धीच आहे. या क्लबचं पहिलं विजेतेपद पेले येण्याच्या तीन वर्षं आधीचं आणि सर्वात जास्त गर्दीचा मोसम तो निवृत्त झाल्यानंतरचा. म्हणून ही प्रश्नोत्तरं.

कॉसमॉस कुणी काढला? नाव असं का?

क्लबची घोषणा डिसेंबर १९७० मध्ये झाली आणि संघ १९७१ पासून नॉर्थ अमेरिकन सॉकर लीगमध्ये (यापुढे एनएएसएल) उतरला. पैसा वॉर्नर कम्युनिकेशन्स या मनोरंजन कंपनीतल्या बड्या मंडळींचा. फुटबॉलचं वेड मुळात नेसुही आणि अहमद एर्तेगुन या तुर्की भावांचं. वडील वॉशिंग्टनमध्ये तुर्कस्तानचे राजदूत, आणि मुलांचं नाव झालं ते अटलांटिक रेकॉर्ड्स या संगीत कंपनीमुळे. कंपनीचे प्रमुख स्टीव्ह रॉस यांना सुरुवातीला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पुढे मात्र क्लबवर सर्वात जास्त जीव त्यांनीच लावला.

कारभार सोपवला क्लाइव्ह टॉय या इंग्रज क्रीडा पत्रकाराकडे. शहरात 'मेट्स' नावाचा बेसबॉल संघ होता, म्हणजे मेट्रोपॉलिटन्स. त्यांच्यावर कडी करायची म्हणून टॉयने 'कॉस्मोपॉलिटन्स' काढलं आणि त्याचं आखूड रूप ठेवलं. सुरुवातीची जर्सी हिरवी-पिवळी होती. ब्राझीलचे रंग घेण्यामागे टॉयचा डोळा कुणावर होता, ते वेगळं सांगायला नको.

पेले येण्याआधी संघाने काही जिंकलं होतं का?

हो. १९७२ चं विजेतेपद. हॉफस्ट्रा विद्यापीठाच्या मैदानावर, लाँग आयलंडला, सेंट लुईस स्टार्सला २-१ ने हरवून. पहिला गोल रँडी हॉर्टनचा, विजयी गोल योसेफ येलिनेकचा, सामना संपत आला असताना मिळालेल्या पेनल्टीवर. हॉर्टन बर्म्युडाचा, उंचापुरा आघाडीपटू. त्या मोसमात लीगमध्ये सर्वाधिक गोल त्याचेच आणि सर्वोत्तम खेळाडूही तोच. पुढे तो राजकारणात गेला आणि बर्म्युडाच्या विधिमंडळाचा सभापती झाला. प्रशिक्षक होता गॉर्डन ब्रॅडली, तोही इंग्रज, आणि सुरुवातीला तो स्वतः खेळायचाही.

हे सगळं बघायला होतं कोण? जवळपास कुणीच नाही. १९७४ मध्ये सामन्याला सरासरी साडेतीन हजार माणसं यायची.

पेले आला कसा?

चार वर्षांच्या चिकाटीमुळे. पेलेचा ब्राझीलमधला क्लब सँतोस १९७१ मध्ये जमैकाच्या दौऱ्यावर होता, तिथे टॉयने पेलेला गाठलं आणि पहिल्यांदा गळ घातली. नंतर युरोपातले क्लबही रांगेत उभे राहिले, तेव्हा टॉयचा मुद्दा असा होता : इटली-स्पेनला गेलास तर तिथला एखादा करंडक जिंकशील, इकडे आलास तर अख्खा देश जिंकशील. पेले १९७४ मध्ये सँतोसमधून निवृत्त झाला होता, आणि फसलेल्या धंद्यांमुळे त्याला पैशांची गरज होती हेही खरं. ब्राझीलमध्ये तो म्हणजे राष्ट्रीय ठेवा. तो देशाबाहेर जाऊ देणं तिथल्या सरकारला परवडणारं नव्हतं, तेव्हा अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर यांनी मध्ये पडून शब्द टाकला. ते स्वतः फुटबॉलचे पक्के शौकीन.

१० जून १९७५ ला न्यूयॉर्कच्या 'ट्वेंटी-वन क्लब' या रेस्टॉरंटमध्ये त्याने सही केली. करार तीन वर्षांचा. रक्कम नेमकी किती यावर प्रत्येक लेखात वेगळा आकडा मिळतो. काही दशलक्ष डॉलर, आणि तेव्हाच्या कुठल्याही संघखेळातल्या खेळाडूच्या कमाईला मागे टाकणारे, एवढं धरून चालावं.

मैदानाला हिरवा रंग मारल्याची गोष्ट खरी आहे का?

खरी. पेलेचा पहिला सामना १५ जून १९७५ ला रँडल्स आयलंडवरच्या डाउनिंग स्टेडियममध्ये होता, डॅलस टॉर्नेडोविरुद्ध. मैदान म्हणजे ठिकठिकाणी नुसती माती. सामना टीव्हीवर थेट दिसणार, अनेक देशांत जाणार, म्हणून उघड्या मातीवर हिरवा रंग फवारला. सामना २-२ सुटला. पेलेने एक गोल केला, दुसऱ्याला पास दिला. मग ड्रेसिंग रूममध्ये बूट काढून बघतो तर पाय हिरवे! आपल्याला कसली तरी बुरशी लागली या समजुतीने तो हादरला, हा आपला पहिला आणि शेवटचा सामना म्हणाला. मालकमंडळींनी समजूत घालून तो रंग असल्याचं पटवलं. जगातला सर्वात महागडा खेळाडू आणि त्याच्या पायाखाली रंगवलेली माती. त्या काळच्या अमेरिकन फुटबॉलबद्दल याहून जास्त काही सांगायची गरज नाही.

पेलेची कॉसमॉसमधली कामगिरी आकड्यांत किती?

लीग आणि बाद फेरी मिळून ६४ सामने, ३७ गोल. वय ३४ ते ३६. प्रदर्शनीय सामने यात धरलेले नाहीत, आणि ते ढिगाने झाले.

१९७७ चा मोसम एवढा का गाजतो?

कारण तेव्हा सगळंच एकदम जुळून आलं. संघ जायंट्स स्टेडियममध्ये आला. हे मैदान न्यूयॉर्कमध्ये नाही, नदीपलीकडे न्यू जर्सीत ईस्ट रदरफर्डला. बायर्न म्युनिकमधून फ्रान्झ बेकेनबाउर आला, मोसमाच्या मध्यावर ब्राझीलचा विश्वविजेता कर्णधार कार्लोस अल्बर्टो आला. इटलीचा जॉर्जो किनालिया आदल्या वर्षीच येऊन बसला होता. क्लबने या आणि पुढच्या मोसमात नावातलं 'न्यूयॉर्क'ही काढून टाकलं. नुसतं कॉसमॉस.

सुरुवात अडखळत झाली. मोसम सुरू असताना ब्रॅडली गेला आणि एडी फर्मानी प्रशिक्षक झाला. पण लोक येऊ लागले. जूनमध्ये टँपा बेविरुद्ध ६२,३९४. मग १४ ऑगस्टला बाद फेरीत फोर्ट लॉडरडेल स्ट्रायकर्सविरुद्ध ७७,६९१. अमेरिकेत तोवर फुटबॉलच्या सामन्याला एवढी माणसं कधी जमली नव्हती. संघानेही ८-३ असा निकाल देऊन तिकिटाचे पैसे वसूल करून दिले.

अंतिम सामना, म्हणजे सॉकर बोल, २८ ऑगस्टला पोर्टलंडमध्ये, सिएटल साउंडर्सविरुद्ध. त्यातला पहिला गोल आवर्जून बघण्यासारखा आहे. सिएटलचा गोलरक्षक टोनी चुर्स्कीने चेंडू पकडला आणि पुढे सोडण्यासाठी जमिनीवर टाकला. पाठीमागे कॉसमॉसचा स्टीव्ह हंट आहे याचा त्याला पत्ताच नाही. हंटने मागून येऊन चेंडू काढून घेतला आणि जाळ्यात सारला. हा हंट इंग्लंडहून आलेला, विशीतला, कुठल्याही पोस्टरवर नसलेला पोरगा. टॉमी ऑर्डने सिएटलला बरोबरी साधून दिली, मग हंटच्याच क्रॉसवर किनालियाचा हेडर, २-१. पेलेचा शेवटचा अधिकृत सामना विजेतेपदाने संपला, पण तो जिंकून दिला हंटने. मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला बेकेनबाउर.

कॉसमॉस भारतात खेळायला आला होता ना? त्या सामन्यात काय झालं?

२४ सप्टेंबर १९७७, कोलकाता, ईडन गार्डन्स. समोर मोहन बागान. विजेतेपदानंतर क्लबने जपान, चीन आणि भारत असा दौरा काढला होता, त्यातला हा सामना. पावसाने मैदानाचा चिखल झालेला, आणि काही दिवसांवर न्यूयॉर्कचा निरोपाचा सामना आलेला, त्यामुळे पेलेला उतरवायचं की नाही यावर अगदी शेवटपर्यंत घासाघीस चालली होती असं सांगतात. शेवटी तो उतरला.

गोल मात्र त्याला करता आला नाही. गौतम सरकारने त्याची पाठ सोडली नाही, आणि गोलरक्षक शिवाजी बॅनर्जीनेही बाकीचं काम केलं. कार्लोस अल्बर्टोने कॉसमॉसला आघाडी मिळवून दिली, पण मोहम्मद हबीब आणि श्याम थापा यांच्या गोलांनी मोहन बागान २-१ असं पुढे गेलं. शेवटाकडे कॉसमॉसला पेनल्टी मिळाली, किनालियाने ती मारली आणि सामना २-२ सुटला. ती पेनल्टी होती की नव्हती हा वाद कोलकात्यात अजून मिटलेला नाही, आणि मिटू नये अशीच तिथल्या लोकांची इच्छा दिसते.

मोहन बागानचा प्रशिक्षक होता पी. के. बॅनर्जी. याच संघाने त्या मोसमात आयएफए शील्ड, ड्युरँड आणि आपल्या मुंबईतला रोव्हर्स करंडक असे तिन्ही जिंकले. तेव्हा कॉसमॉसला रोखणं हा निव्वळ नशिबाचा भाग म्हणता येणार नाही.

आणि बरोबर एका आठवड्याने, १ ऑक्टोबरला, जायंट्स स्टेडियममध्ये पेलेचा निरोप. विरुद्ध सँतोस. पूर्वार्धात तो कॉसमॉसकडून खेळला, फ्री किकवर गोल केला. उत्तरार्धात सँतोसची पांढरी जर्सी घालून समोरच्या बाजूने. कॉसमॉस २-१ ने जिंकला. प्रेक्षकांत मोहम्मद अली होता.

पेले गेल्यावर क्लब घसरला असेल?

उलट. १९७८ हा क्लबचा सर्वात दणदणीत मोसम : ३० पैकी २४ विजय, ८८ गोल, आणि घरच्या मैदानावर सरासरी ४७,८५६ प्रेक्षक. पेले असताना १९७७ मध्ये सरासरी ३४ हजारांच्या आसपास होती. विजेतेपदही घरच्या मैदानावर, टँपा बे रौडीजविरुद्ध ३-१, त्यातले दोन गोल इंग्लंडच्या डेनिस ट्युअर्टचे.

त्याच मोसमात एक नामुष्कीही आहे. बाद फेरीत मिनेसोटा किक्सने कॉसमॉसला ९-२ असं धुतलं, एकट्या ॲलन विलीने पाच गोल केले. दुसऱ्या सामन्यात कॉसमॉसने ४-० ने परतफेड केली. लीगच्या नियमात गोलांची बेरीज धरत नसत, त्यामुळे मालिका १-१ अशी बरोबरीत धरली गेली, लगेच एक छोटा जादा सामना, तोही बरोबरीत, मग शूटआउट. त्यात निसटून कॉसमॉस पुढे गेला. बाकी जगाच्या नियमांनी तो मोसम तिथेच संपला असता.

१९७८ च्या तक्त्यात २१२ गुण दिसतात. छपाईची चूक आहे का?

नाही. एनएएसएलचं गणित वेगळं होतं. विजयाला सहा गुण, आणि शिवाय प्रत्येक गोलाला एक बोनस गुण, पण सामन्यात जास्तीत जास्त तीन. हरलात तरी केलेल्या गोलांचे गुण मिळायचे. २४ विजयांचे १४४ आणि गोलांचे ६८, झाले २१२.

बरोबरी हा प्रकार लीगला मान्यच नव्हता. निकाल शूटआउटवर. त्यात खेळाडू गोलपासून ३५ यार्डांवरून चेंडू घेऊन निघायचा, पाच सेकंदांत गोलरक्षकाला चुकवायचा. ऑफसाइडची रेघही मैदानाच्या मध्याऐवजी ३५ यार्डांवर. युरोपातल्या जाणकारांनी नाकं मुरडली. आजच्या पेनल्टी शूटआउटपेक्षा तो प्रकार जास्त कौशल्याचा होता, असं माझं मत आहे.

खेळाडूंच्या तक्त्यातही गोलाला दोन आणि पासला एक गुण धरत. जुने आकडे वाचताना 'गुण' आणि 'गोल' यांची गल्लत फार जणांची होते.

क्लबसाठी सर्वाधिक गोल कुणाचे?

किनालियाचे, आणि दुसरा कुणी आसपासही नाही. लीगच्या २१३ सामन्यांत १९३ गोल, बाद फेरीचे ४१ सामन्यांत ४९ आणखी. १९७८ मध्ये ३४ गोल, हा तेव्हाचा लीगचा विक्रम. १९८० च्या बाद फेरीत १८, त्यातले सात एकाच सामन्यात, टल्सा रफनेक्सविरुद्ध.

जन्म इटलीतल्या 'करारा' या गावचा, वाढला वेल्समध्ये कार्डिफला, नाव कमावलं रोमच्या लाझिओ क्लबला १९७४ चं इटालियन विजेतेपद मिळवून देऊन. स्वभावाने भांडकुदळ. पेलेला ड्रेसिंग रूममध्ये तोंडावर सुनावणारा बहुधा हा एकच. स्टीव्ह रॉसच्या मर्जीतला, त्यामुळे प्रशिक्षक येत-जात राहिले, किनालिया तिथेच. जायंट्स स्टेडियमवर त्याची हुर्यो उडवणारेही होते, तरी तो गोल करत राहिला. कॉसमॉसचा इतिहास खेळाडूंच्या योगदानाप्रमाणे लिहायचा झाला तर पहिलं नाव त्याचं येतं, पेलेचं नंतर.

एकूण विजेतेपदं किती?

जुन्या एनएएसएलची पाच : १९७२, १९७७, १९७८, १९८०, १९८२. लीगच्या आयुष्यात इतकी दुसऱ्या कुणाकडे नाहीत. १९८० ला वॉशिंग्टनमध्ये फोर्ट लॉडरडेलला ३-० ने हरवलं, १९८२ ला सॅन दिएगोत सिएटलला १-० ने, गोल अर्थात किनालियाचा. १९८१ चा अंतिम सामना टोरंटोत ०-० राहिला आणि शूटआउटवर शिकागो स्टिंगने नेला.

नव्या अवतारातली तीन : २०१३, २०१५, २०१६. बेरीज आठ करायची की नाही, ते पुढच्या उत्तरांवरून तुमचं तुम्ही ठरवा.

मग एवढा मोठा क्लब बुडाला कसा?

मैदानावर नाही बुडाला, हिशेबात बुडाला. कॉसमॉसच्या मागे वॉर्नर होती. बाकीच्या क्लबांमागे असं कुणी नव्हतं, तरी कॉसमॉसला तोंड द्यायचं म्हणून त्यांनीही परदेशी नावांवर पैसा उधळला. लीगने संघ वाढवत १९७८ मध्ये २४ वर नेले. एबीसी वाहिनीचा करार आला आणि १९८० नंतर गेला. संघ एकेक करून बंद पडत १९८४ ला नऊ उरले.

तोवर वॉर्नरचीच परवड सुरू झाली होती. व्हिडिओ गेम बनवणारी अटारी ही तिची कंपनी, आणि तिच्या पडझडीने १९८३ मध्ये वॉर्नरला प्रचंड तोटा झाला. तेव्हा फुटबॉल क्लबची हौस कोण पुरवणार? १९८४ मध्ये क्लबचा मोठा वाटा किनालियाच्याच हाती गेला. त्या वर्षी संघ बाद फेरीतही पोचला नाही, प्रेक्षकांची सरासरी तेरा हजारांखाली आली. लीग संपली. इनडोअर लीगमध्ये एक प्रयत्न केला, तोही मोसम अर्धवट टाकून सोडला. जून १९८५ मध्ये शेवटचा सामना लाझिओविरुद्ध झाला, १-२ असा गमावला. त्या वेळी लाझिओचा अध्यक्षही किनालियाच होता!

२०१० नंतरचा कॉसमॉस हा तोच क्लब का?

नाव आणि चिन्ह तेच, बाकी सलग काही नाही. मधली पंचवीस वर्षं नावाचे हक्क जुना पदाधिकारी पेप्पे पिंटन याने जपले आणि त्या नावाने मुलांची शिबिरं चालवली. २००९ मध्ये ते हक्क इंग्रज उद्योजक पॉल केम्सली यांच्याकडे गेले. २०१० मध्ये पेलेला मानद अध्यक्ष करून पुनरागमन जाहीर झालं. गाजावाजा आधी आणि संघ नंतर, असा उलटा कारभार होता. २०११ मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या पॉल स्कोल्सच्या सन्मानार्थ मँचेस्टरला जाऊन खेळले ते जमवाजमव केलेल्या खेळाडूंवर. निकाल युनायटेड ६, कॉसमॉस ०.

खरा संघ उभा राहिला ऑगस्ट २०१३ मध्ये, नव्या एनएएसएलमध्ये. ती दुसऱ्या दर्जाची लीग, नाव जुन्या लीगचं घेतलेलं. मैदान पुन्हा हॉफस्ट्रा. प्रशिक्षक व्हेनेझुएलाचा जोव्हानी सावारेसे, आणि त्याने पहिल्याच मोसमात करंडक आणला. अंतिम सामन्यातला एकमेव गोल स्पेनच्या मार्कोस सेनाचा. २०१४ च्या यूएस ओपन कपमध्ये न्यूयॉर्क रेड बुल्सला ३-० ने हरवलं. २०१५ मध्ये स्पेनचा नामांकित आघाडीपटू राऊल आला, संघ हवानाला जाऊन क्युबाशी खेळला आणि ४-१ ने जिंकला, आणि वर्षाअखेरीस विजेतेपदासह राऊल व सेना दोघेही निवृत्त झाले.

माझ्या लेखी हा वेगळा क्लब आहे, आणि चांगला होता. सावारेसेच्या संघाला जुन्या नावाचं ओझं वाहावं लागलं, एरवी त्याचं कौतुक जास्त झालं असतं.

मेजर लीग सॉकरमध्ये कॉसमॉस का नाही?

मेजर लीग सॉकर ही अमेरिकेतली आजची पहिल्या दर्जाची लीग. तिच्यातली, रेड बुल्सनंतरची, न्यूयॉर्क परिसरातली दुसरी जागा २०१३ मध्ये मँचेस्टर सिटी आणि यांकीज हा बेसबॉल संघ यांच्या भागीदारीतल्या न्यूयॉर्क सिटी एफसीला मिळाली. बेलमाँट पार्कला स्टेडियम बांधायचा कॉसमॉसचा प्रस्ताव राज्य सरकारकडे वर्षानुवर्षं पडून राहिला आणि अखेर बारगळला. २०१६ च्या शेवटी पैसा संपला. जानेवारी २०१७ मध्ये केबल व्यवसायातले रोको कॉमिसो यांनी क्लब घेऊन वाचवला. पण अमेरिकेच्या फुटबॉल फेडरेशनने त्याच वर्षी एनएएसएलचा दुसऱ्या दर्जाचा परवाना नाकारला. लीगने कोर्टात धाव घेतली, मक्तेदारीचा दावा लावला. तो खटला चालला तब्बल २०२५ पर्यंत, आणि ब्रुकलिनच्या ज्युरीने एनएएसएलच्या विरुद्ध निकाल दिला. मधल्या काळात कॉमिसो यांनी इटलीत फिओरेंटिना हा क्लब विकत घेतला आणि कॉसमॉसचं दुकान २०२१ च्या सुरुवातीला पुन्हा बंद झालं.

सध्या क्लब कुठे आहे?

जुलै २०२५ मध्ये घोषणा झाली : नवे मालक, २०२६ पासून यूएसएल लीग वन, म्हणजे तिसऱ्या दर्जाची लीग. फुटबॉलची जबाबदारी इटलीचा माजी आघाडीपटू जुझेप्पे रॉसी याच्याकडे, जो मूळचा न्यू जर्सीचाच. घरचं मैदान पॅटर्सनचं हिंचलिफ स्टेडियम. १९३० च्या दशकातलं हे मैदान कृष्णवर्णीयांच्या बेसबॉल लीगसाठी ओळखलं जायचं. अनेक वर्षं ओस पडलं होतं, डागडुजी होऊन २०२३ मध्ये उघडलं.

न्यू जर्सीत एडिसनला राहतो. जुन्या क्लबशी संबंधित बघण्यासारखं काही उरलंय का?

फारसं नाही. जायंट्स स्टेडियम २०१० मध्ये पाडलं. शेजारी उभं असलेलं मेटलाइफ स्टेडियम त्याच्या जागी आलं, २०२६ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना तिथलाच. डाउनिंग स्टेडियमही पाडलं, तिथे आता ॲथलेटिक्सचं मैदान आहे. क्लब काही काळ जिथे खेळला त्या जुन्या यांकी स्टेडियमचीही तीच गत. उरलं हेम्पस्टेडचं हॉफस्ट्राचं मैदान, जिथे १९७२ चा करंडक जिंकला आणि २०१३ मध्ये पुन्हा सुरुवात झाली. एडिसनकडून जायचं तर अख्खं शहर ओलांडून लाँग आयलंडला जावं लागेल. त्यापेक्षा पॅटर्सन जवळ पडेल, आणि तिथे निदान सामना तरी बघता येईल.